दहा आण्यांचा पाणाड्या

सायखेड्याचा माणूस पाणाड्या आहे म्हटलं की निम्मे लोक तिथंच हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. सायखेडं गोदावरीच्या काठावर. तिथं पाणी शोधावं लागत नाही. पावसाळ्यात नदी फुगली की पाणीच माणसांना शोधत घरात येतं. अशा गावात राहून जमिनीखालचं पाणी दाखवण्याचा धंदा करायचा म्हणजे माशांसाठी पोहण्याचा क्लास काढण्यासारखंच. पण रंगनाथआबांचं गिऱ्हाईक गावात नव्हतंच. ते होतं सिन्नरच्या पलीकडं, जिथं आभाळ येतं, बघून जातं, आणि लोक आडवा नारळ तळहातावर धरून चालणाऱ्या माणसाकडं डोळे लावून बसतात. नारळ उभा राहिला की खाली पाणी. तिथं चुन्याची फुली मारायची आणि बोअरची गाडी बोलवायची. हा झाला पाणाड्याचा धंदा.

आबांचा स्वभाव मूळचाच संशयी. दुकानातला नारळ ते कानाशी नेऊन हलवायचे, मग दुसरा हलवायचे, मग पहिला परत हलवायचे. एसटीत कंडक्टरनं 'सिन्नर' असं ओरडून सांगितलं तरी शेजारच्याला विचारायचे, "ही सिन्नरलाच जाती ना?" शेजारी हो म्हणाला की त्याच्याकडंही जरा बघून घ्यायचे. असा माणूस आपल्या हातातल्या नारळाला तरी कसा सोडेल?

ही विद्या त्यांना बारकूमामांनी दिली. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा आबांच्या मनात आलं, नारळ उभा राहतो खरा, पण तो पाण्यामुळं राहतो की 'आता राहणार' असं आपल्याला वाटतं म्हणून? त्यांनी डोळ्यांवर पंचा बांधला आणि बायकोला, म्हणजे बयाबाईंना सांगितलं, माझा दंड धरून मला या वावरातनं फिरव. एकच वावर, तीन फेऱ्या. नारळ तीनदा उभा राहिला, तीन वेगळ्या जागी. पंचा सोडल्यावर बयाबाईंनी पायानं केलेल्या तीन खुणा दाखवल्या आणि म्हणाल्या, "नारळबी तुमच्यासारखाच हाय. चष्मा कुठं ठेवला ते रोज नव्यानं सांगतो."

दुसरा एखादा असता तर त्यानं नारळ फोडून खाल्ला असता. आबांनी तसं केलं नाही, कारण त्यांच्या ध्यानात दुसरीही एक गोष्ट आली होती. बारकूमामांचे बोअर निम्म्याहून जास्त लागायचे. मग ते लागायचे कशानं? आबा मामांच्या मागं मागं फिरले आणि बघत राहिले. नारळ हातात घेऊन मामा चालायचे, पण डोळे भलतीकडंच असायचे. उंबर कुठं आहे, करंज कुठं आहे, वारूळ कुठं, सकाळचं दव कुठं उशिरापर्यंत टिकतं, ओढ्याच्या काठाला खडकाची भेग कुठून कुठं गेली आहे. आणि मुख्य म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या बायकांना विचारायचे, "माय, तुमची विहीर वैशाखात कितीवर जाती?" हे सगळं मामांच्या डोक्यात गोळा व्हायचं आणि हातात येऊन नारळ उभा करायचं. खुद्द मामांना याचा पत्ता नव्हता.

"मंग नारळ टाकून द्या की," बयाबाई म्हणाल्या.

"टाकून कसा चालंल? नारळ हातात हाय तोवर मालक गप बसतो. नायतर तो सांगत सुटतो, इथं घ्या, तिथं घ्या, माझ्या सपनात आलंय. मला बघूच देत नाय."

दर दसऱ्याला आबा आपट्याची पानं घेऊन निघायचे आणि आपण जागा दाखवलेल्या प्रत्येक घरी सोनं द्यायला जायचे. जिथं पाणी लागलं तिथंही, जिथं धूळ निघाली तिथंही. धुळीच्या घरी कुणी दार लावून घेई, कुणी कुत्रं सोडी, एका म्हातारीनं तर पानं घेतली आणि त्यांच्याच टोपीत परत घातली. पण त्यामुळं आबांना नेमकं कळलं की आपण सोळांत साधारण दहा वेळा बरोबर येतो. तलाठी पिकाची आणेवारी लावतो तशी ते पाण्याची लावू लागले. खडक बरा दिसला तर म्हणायचे, "दहा आणे." फारच बरा दिसला तर, "अकरा." सोळा आणे, म्हणजे पुरती खात्री, हे शब्द त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं गेली. लोक म्हणत, दहाच आणे म्हणतोय म्हणजे याला येत नाही. आणि जे थोडे शिकलेले असत ते म्हणत, नारळ हातात आहे म्हणजे हा लबाड आहे. आबा दोन्हीकडून ऐकून घेत आणि दोघांकडंही सारख्याच संशयानं बघत.

हे सगळं असं चाललं होतं, तोवर त्यांच्या लेकीच्या कॉलनीत पाणी संपलं.

लेक मीना. नाशिकच्या एकलहरे रस्त्याला श्रमसाफल्य कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि पोळीभाजीचे चाळीस डबे करायची. चाळीस डबे म्हणजे रोजच्या दोनशे पोळ्या, दोन भाज्या आणि भांड्यांचा डोंगर. त्याला पाणी लागतं. कॉलनी शहराच्या हद्दीच्या अगदी काठाला, पाइपलाइन यायची होती, तोवर टँकर. टँकर म्हणजे जावयासारखा, यायचं कबूल करतो आणि वाट बघायला लावतो. डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यात मीना फरशी पुसायची आणि तेच पाणी कुंडीत घालायची. एक महिना असाच गेला तर डबे बंद करावे लागतील असं तिनं आईला फोनवर सांगितलं होतं.

कॉलनीनं बोअर घ्यायचं ठरवलं. चोवीस घरांतून एकाच बोअरपुरती वर्गणी जमली. बोअर घ्यायचं यावर कुणाचं दुमत नव्हतं. घ्यायचं कुठं, हे ठरवणार कोण, यावर कॉलनीचे दोन तुकडे झाले.

एका तुकड्याचे पुढारी दिनेशराव. कारखान्यात मशिनवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं कुठल्याही वादाला एकच उत्तर असे, "विज्ञान म्हणजे विज्ञान!" हे म्हणताना ते टेबलावर थाप मारत, टेबल नसेल तर शेजारच्याच्या गुडघ्यावर. दुसऱ्या तुकड्याच्या सावित्रीबाई, मंगळवारच्या भजनी मंडळाच्या. त्या म्हणत, "आमच्या वाडवडलांना काय अक्कल नव्हती का?" दिनेशरावांनी भूजलाचं शिक्षण घेतलेल्या पूजा मॅडमना मशीन घेऊन बोलावलं. सावित्रीबाईंनी मीनाच्या वडिलांना नारळ घेऊन बोलावलं. दोघांनीही एकमेकांना न सांगता तोच रविवार ठरवला.

रविवारी सकाळी आबा मागच्या भिंतीकडून चालत करंजाच्या झाडापाशी आले, तर तिथं एक पोरगी उन्हात बसून जमिनीत लोखंडी सळया ठोकत होती. सळयांना वायरी, वायरींच्या टोकाला पेटी. तिनं आबांच्या हातातल्या नारळाकडं बघितलं. आबांनी पेटीकडं बघितलं.

"काका," शेवटी पूजाच म्हणाली, "खरं सांगाल? हा नारळ उभा राहतो म्हणजे नक्की काय होतं?"

"आधी तो फोन पिशवीत टाका."

"मी रेकॉर्ड नाही करत आहे."

"मंग पिशवीत टाकायला काय हरकत?"

तिनं फोन पिशवीत टाकला. आबांनी पिशवीची चेन लागली का ते बघितलं.

"आता आधी तुमी सांगा," ते म्हणाले. "तुमचं मशीन चुकतं का?"

पूजानं मागं वळून बघितलं. दिनेशराव लांब पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गुडघ्यावर थाप मारत होते. ती हळूच म्हणाली, "चुकतं. दहात तीनदा, कधी चारदा. खाली ओल आहे एवढं कळतं, पण ते पाणी आहे की नुसती चिकणमाती, ते दरवेळी नाही सांगता येत."

"मंग आपण सोयरे झालो," आबा म्हणाले आणि करंजाखाली मांडी घालून बसले. त्यांनी तिला पंचा बांधून केलेल्या तीन फेऱ्या सांगितल्या. ती इतकी हसली की सळई हातातून पडली.

"पण काका, मग जागा कशी काढता?"

"हा करंज बघा. वारूळ बघा, एका ओळीत हाय. अन् भिंतीपल्याड मळ्यात विहीर हाय. कुसाबाई म्हणून हायेत, त्यांना विचारून आलो. वैशाखात तळाला जाती पण आटत नाय."

पूजा सावरून बसली. "ती विहीर मला माहीत नव्हती. मला इथंच आकडा कमी येतोय, म्हणजे खाली ओल आहे. विहीर त्याच ओळीत असेल तर चिकणमाती नसावी. काका, तुमच्या मते किती?"

"दहा आणे."

तिनं मनात भागाकार केला. "साडेबासष्ट टक्के. मी पासष्ट लिहिणार होते."

"विहिरीचं ऐकून अडीच वाढवलं काय?"

दोघांनी मिळून करंजापासून चार पावलांवर एक फुली मारली. चाळीस वर्षांत आबांशी कुणी पाण्याबद्दल इतकं सरळ बोललं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्यामुळं लगेच शंकाही आली की यात काहीतरी गोची आहे.

गोची होती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सावित्रीबाईंनी बघितलं होतं. पार्किंगमधून दिनेशरावांनी बघितलं होतं. मशीनवाली आणि नारळवाला एका झाडाखाली बसून हसतात! आणि वर फुलीही एकच!

बैठक दुपारी पार्किंगमध्येच झाली.

"मॅडम," दिनेशराव म्हणाले, "तुम्ही त्या माणसाचं बघून खूण केली का?"

"नाही. पण त्यांनी जी विहिरीची माहिती दिली ती उपयोगाची आहे."

"म्हणजे नारळ खरा?"

"नारळ नाही. निरीक्षण."

"म्हणजे नारळ खोटा, हे तुम्ही लेखी द्याल?"

"सर, तसं नाही—"

"तसं नाही कसं? एकतर आहे किंवा नाही!"

तिकडं सावित्रीबाईंनी आबांना धरलं होतं. "बाबा, त्या पोरीनं तुम्हाला आधीच जागा सांगितली ना? मग नारळाला काय विचारलंत?"

"बाई, नारळाला इचारत नसतो. मी जमिनीला इचारतो."

"अगं बाई! म्हणजे नारळावर तुमचाच विश्वास नाही?"

"विश्वासाचं नाय. दहा आणे हाय म्हणतो."

"देवाच्या कामाला दहा आणे?" सावित्रीबाईंनी मंडळींकडं बघितलं. मंडळींनी आबांकडं बघितलं. त्या नजरेत चाळीस वर्षांतली सगळी धुळीची घरं होती.

संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या फोनवरचा एक ग्रुप फुटून दोन झाले होते. एक 'श्रमसाफल्य अधिकृत', दुसरा 'श्रमसाफल्य खरे रहिवासी'. पहिल्यात लिहिलं होतं की मॅडम अंधश्रद्धेला सामील आहेत. दुसऱ्यात लिहिलं होतं की पाणाड्या फितूर आहे. आणि दोन्हीकडं एक गोष्ट सारखी होती: मीना ही पाणाड्याची लेक, तेव्हा यात तिचं काय आहे ते बघायला हवं. दोन दिवसांत शहाण्या माणसांनी तोडगा काढला. ही जागा नको, आणि ती जागा तर मुळात हीच असल्यामुळं तीही नको. बोअर फाटकाजवळ घ्यायचं. फाटकाजवळ का? कारण ती जागा कुणीच सुचवली नव्हती, म्हणजे त्यात कुणाचा स्वार्थ नाही. पुढच्या रविवारी मतदान.

फाटकाजवळ काळा पाषाण होता. आबांनी पायानं ठोकून बघितला होता, पूजानं सळया ठोकून. आबा त्याला दोन आणे द्यायलाही तयार नव्हते. पूजानं आपल्या अहवालात एक आकडा लिहिला आणि लाजेनं खोडला. तिथं वर्गणी गेली की दुसरं बोअर नाही, आणि मीनाचे डबे बंद.

गुरुवारी मीनाच्या स्वयंपाकघरात आबा, बयाबाई आणि पूजा बसले होते. पूजाला मीनानंच बोलावलं होतं, मागच्या जिन्यानं, कुणाला दिसू नये म्हणून. आपल्याच घरात चहाला आलेल्या बाईला लपवून आणावं लागतं याचं मीनाला हसूही येत होतं आणि रडूही.

"तुमी दोघं भांडत का नाय?" बयाबाई म्हणाल्या.

"आं?"

"लग्नात दोनी बाजूची माणसं मानपानावरनं भांडली नाय तर लग्न झाल्यासारखं वाटतं का कुणाला? लोक म्हणत्यात, काहीतरी लपवाय लागलेत. तुमी दोघं हसला, तिथंच घोळ झाला. चांगलं कडाकडा भांडा. मंग हे म्हणतील आपला माणूस खरा, ते म्हणतील आपली बाई खरी. फुली तर एकच हाय."

पूजानं चहाचा कप खाली ठेवला. "आजी, हे तर खोटं झालं."

"जागा खोटी हाय का?"

"नाही, पण—"

"अन् मला काय म्हणाय लागंल?" आबांनी संशयानं विचारलं.

उत्तर मीनानं दिलं. ती पातेल्यात तांदूळ धूत होती, पाठमोरीच म्हणाली, "आबा, एकदाच सोळा आणे म्हणा ना."

तांदळाचं पाणी मीनानं दुसऱ्या बादलीत ओतलं, एक थेंब बाहेर पडू न देता. आबांनी ती बादली बघितली, मग पूजाकडं बघितलं. पूजानं मान खाली घातली आणि म्हणाली, "मलाही शंभर टक्के म्हणावं लागेल."

रविवारी पार्किंगमध्ये चोवीस घरांची माणसं जमली. सुरुवात पूजानं केली, पण तिला भांडायची सवय नव्हती. ती म्हणाली, "काका, मला आपल्या पद्धतीबद्दल काही शंका आहेत."

आबांनी तिच्याकडं बघून डोळे मोठे केले. असं भांडतात होय?

"तुमचा नारळ," पूजानं आवाज चढवला, "फक्त चटणीच्या कामाचा आहे!"

"हाय! चटणीच्या तरी कामाचा हाय!" आबा गरजले. "तुमची पेटी कशाच्या कामाची? चार सळया रोवायच्या अन् वायरी ओढायच्या! पाणी काय कुत्रं हाय का, साखळी ओढली की यायला?"

दिनेशरावांचा चेहरा उजळला. सावित्रीबाईंचाही.

"मी शिकलेय हे! पाच वर्षं!"

"मी चाळीस वर्षं उन्हात फिरलो! तुमच्या पुस्तकाला ऊन लागलंय का कधी?"

"फुली माझी आहे! तुम्ही माझं बघून नारळ उभा केला!"

"माझी हाय! तुमीच माझ्या मागं येऊन सळई ठोकली!"

"शंभर टक्के पाणी लागणार, माझं मशीन सांगतंय!"

"अन् माझा नारळ सांगतोय," आबा म्हणाले, आणि त्यांनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मीना उभी होती. "सोळा आणे!"

टाळ्या पडल्या. दोन्हीकडून. दिनेशराव पूजाच्या शेजारी येऊन उभे राहिले, सावित्रीबाई आबांच्या. मतदान झालं तेव्हा चोवीसच्या चोवीस हात करंजापाशीच्या फुलीसाठी वर गेले. बारा विज्ञानासाठी, बारा परंपरेसाठी. फाटकाची जागा कुणी सुचवली होती हे आता कुणालाच आठवेना.

बोअरची गाडी आली. दिनेशराव मोबाइलवर खोलीची नोंद ठेवत होते, सावित्रीबाई उदबत्ती लावत होत्या. दोनशे फुटांपर्यंत नुसता पांढरा धुरळा उडाला आणि चोवीस घरांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सारखाच बसला. आबा भिंतीला टेकून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना नापास होण्याची भीती वाटत होती, कारण आजवर त्यांनी नापासाला जागा ठेवलेली असायची. दोनशे साठ फुटांवर चिखल आला, मग पाणी. दोन इंचाची धार. दिनेशराव ओरडले, "विज्ञान म्हणजे विज्ञान!" सावित्रीबाईंनी हात जोडले. दोन्ही गट एकाच पाण्यात भिजले, वेगवेगळ्या बाजूंनी.

रिक्षा स्टॉपवर पूजा म्हणाली, "काका, अहवालात मी पासष्टच लिहिलंय."

"कुणी वाचंल?"

"नाही."

मीनाचे डबे चाळीसाचे पन्नास झाले. आबांच्या घरी मात्र नवीच माणसं येऊ लागली. घोटीहून एक जण आला. त्याला आबांनी जागा बघून सांगितलं, नऊ आणे. तो म्हणाला, "नाशिकच्या लोकांना सोळा, अन् आम्हाला नऊ? ओळखीचं बघता काय, बाबा?" आणि तो रागानं उठून गेला. दहा आणे हा त्यांचा शब्द होता; तो त्यांनी लेकीच्या बादलीत ओतला होता.

मग मे महिना आला. बोअरची धार दोन इंचांवरून करंगळीएवढी झाली. जमिनीखालचं पाणी उन्हाळ्यात उतरतं हे साधंच, पण शंभर टक्क्यांच्या आणि सोळा आण्यांच्या बोअरला उतरायची सोय नव्हती. मग ते पाणी गेलं कुठं? 'अधिकृत' ग्रुपला खात्री होती की भजनी मंडळ चोरून मोटार चालवतं. 'खरे रहिवासी' म्हणाले, मशीनवाल्यांनी खाली काहीतरी सोडलंय. दिनेशरावांनी मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंनी त्याच कडीला दुसरं कुलूप लावलं. आता दोन्ही किल्ल्यांशिवाय मोटार सुरू होईना, आणि किल्लीवाले समोरासमोर यायला तयार होईनात. बोअरमध्ये पाणी होतं आणि चोवीस घरांच्या नळांना नव्हतं. दोन दिवस मीनानं डबे दिले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा सायखेड्याहून आले. पूजाला त्यांनीच फोन करून बोलावलं. पार्किंगमध्ये लोक जमले.

"मला सांगायचंय," आबा म्हणाले. "मी सोळा आणे म्हणालो ते खोटं. दहाच होते. भांडण बी खोटं. आमी दोघांनी मिळून ठरवलं."

"माझे पासष्ट टक्के होते," पूजा म्हणाली. "अहवालात आहेत. आणि काकांच्या विहिरीमुळंच मला खात्री वाटली. पाणी कुणी चोरलं नाही. उन्हाळ्यात इतकंच झिरपतं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास मोटार चालवा, मधे भरू द्या, पावसापर्यंत निभेल. बहुतेक."

मग दिनेशराव अगदी मायेनं म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही हो!"

"बाबा," सावित्रीबाई म्हणाल्या, "तुम्हाला कुणी धमकावलं का? तुम्ही खोटं बोलणारे नाही."

"अवो, तेच सांगतोय, बोललो!"

"छे छे. सोळा आणे म्हणालात तेव्हा तुमचा चेहराच वेगळा होता."

दिनेशराव सावित्रीबाईंकडं बघून म्हणाले, "भांडण खोटं असूच शकत नाही. मी स्वतः ऐकलंय." सावित्रीबाई म्हणाल्या, "तेच म्हणते मी." सहा महिन्यांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं: ही दोघं तेव्हा खरं बोलत होती आणि आत्ता खोटं बोलतायत. का बोलतायत, ते शोधून काढायला हवं. तोवर यांना मोटारीच्या आसपास फिरकू द्यायचं नाही.

"अन् पाणी?" तिसऱ्या मजल्यावरून उतरून आलेल्या मीनानं विचारलं. तिच्या हाताला कोरडं पीठ तसंच होतं. "किल्ल्या कुणाकडं राहणार?"

"माझ्याकडं," दिनेशराव.

"का म्हणून?" सावित्रीबाई.

"मग तुमच्याकडं? मुळीच नाही."

इथं कॉलनीतला सगळ्यात थंड डोक्याचा माणूस, मीनाचा नवरा सुनील, पहिल्यांदाच बोलला. तो आजवर दोन्ही ग्रुपमध्ये होता आणि दोन्हीकडं फक्त सुप्रभात लिहायचा. तो म्हणाला, "दिनेशराव, तुम्हाला वाटतं मीना सावित्रीबाईंच्या बाजूची. सावित्रीबाईंना वाटतं ती पूजा मॅडमच्या. बरोबर? दोन्हीकडून सारखाच संशय असलेली अशी दुसरी बाई कॉलनीत आहे का?"

लोकांनी विचार केला. नव्हती. दिनेशरावांनी किल्ली काढली, पण सोडेनात. सावित्रीबाईंनी काढली, त्यांनीही दिनेशरावांच्या हाताकडं बघत धरून ठेवली. शेवटी मीनानं दोन्ही हात पुढं केले आणि दोन्ही किल्ल्या एकाच वेळी घेतल्या.

तिनं कुलपं उघडली, मोटार लावली आणि घड्याळ बघत दारातच बसली. नळ घरघरले, गॅलऱ्यांतून बादल्या वाजल्या. पन्नास मिनिटं झाल्यावर वरून हाका सुरू झाल्या. "मीना, आज दोन दिवसांचं आहे, जरा जास्त चालू दे!" "अगं, त्यांच्या टाकीत जास्त गेलं, आमच्याकडं बघ!" साठ मिनिटं झाली. मीनानं बटण बंद केलं. दोन्ही गटांनी तिला एका सुरात नावं ठेवली. तिनं दोन्ही कुलपं लावली, ओढून बघितली, परत एकदा ओढून बघितली. आबांना वाटलं, ही आपलीच लेक.

"आबा, वर चला, जेवूनच जा," ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही पण."

पूजानं गॅलऱ्यांकडं बघितलं. सगळ्या गॅलऱ्या तिच्याकडं बघत होत्या. "मागच्या जिन्यानं येते. काकांबरोबर जेवताना कुणी पाहिलं तर?"

"पुढच्याच जिन्यानं या," मीना म्हणाली आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. "बघू देत. संध्याकाळी मोटार कुणाला लावून हवीय, ते मग बोलू."